जिप्सीची चार तेलं: गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत, घरच्या घरी

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले "म्हणजे", "हां", "बघा" जमतील तेवढे काढले आहेत, सगळे निघाले नसतील.)

गणपती झाले, दसरा झाला, पाऊस गेला. या दिवसांत आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो. कुणीतरी जुनी जिप्सी घेतलेली असते, लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली किंवा काकांच्या अंगणात चार वर्षं उभी असलेली. इंजिन ऑइल बदलून झालेलं असतं, फिल्टर नवा घातलेला असतो, बॅटरी नवी असते. आणि मग प्रश्न येतो, "दादा, आता सर्व्हिसिंग पूर्ण झालं ना?"

नाही झालं. अजून चार ठिकाणचं तेल राहिलं. आणि फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणून जिचा मिरवतो ती गाडी खरी चालते ती या चार तेलांवर.

आज आपण मारुती जिप्सीबद्दल बोलू, कारण ही गाडी अजून गावोगावी दिसते आणि घरी काम करायला तिच्याइतकी सोपी गाडी विरळा. १९८५ च्या शेवटी ती भारतात आली, १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनची 'किंग' आली आणि २०१९ च्या सुमारास उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण जिप्सीसुद्धा आता जुनीच म्हणायची. तुमच्याकडे जुनी थार, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ फोर-बाय-फोर असेल तरी तत्त्व हेच, फक्त आकडे आणि तेलाचा प्रकार तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

आता ही चार ठिकाणं कुठली? गाडीखाली वाकून पुढून मागे नजर फिरवा. इंजिनच्या मागे गिअरबॉक्स. तिथून एक आखूड शाफ्ट निघतो आणि गाडीच्या मध्यावर टांगलेल्या एका वेगळ्याच डब्यात शिरतो. हा डबा म्हणजे ट्रान्सफर केस. तुम्ही छोटा लिव्हर ओढून टू-एच, फोर-एच, फोर-एल करता ते सगळं या डब्यात होतं. त्यातून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात, एक पुढच्या ॲक्सलकडे, एक मागच्या. दोन्ही ॲक्सलवर भोपळ्यासारखा जो फुगवटा दिसतो तो डिफरन्शियल. आपले मिस्त्री त्याला सरळ "क्राउन" म्हणतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा क्राउन, मागचा क्राउन. चार डबे, चौघांचं तेल वेगळं, एकाचं दुसऱ्यात जात नाही.

रस्त्यावरच्या गॅरेजात बहुतेक वेळा काय होतं? गिअरबॉक्सचं बदलतात, मागच्या क्राउनचं बदलतात, बिल होतं. ट्रान्सफर केस कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण रोजच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना ती नसतेच. आणि पुढचा क्राउन "आपण फोर-व्हील कुठे वापरतो" म्हणून राहून जातो. पण टू-एचमध्ये चालवतानाही मागच्या चाकांची सगळी ताकद ट्रान्सफर केसमधूनच जाते. इंजिन सुरू, गाडी चालू, की ती फिरतेच. तिला सुट्टी नाही.

तेल कुठलं

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते आणि ती दुकानाच्या काउंटरवरच होते.

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक जाडी: ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० किंवा नुसतं ९०. दुसरी जीएल-४ किंवा जीएल-५. लोकांना वाटतं पाच हा चारपेक्षा मोठा आकडा, म्हणजे पाच जास्त चांगलं, चारही ठिकाणी तेच ओतू. दुकानदारही बऱ्याचदा हेच सांगतो, कारण त्याच्याकडे जीएल-५ चाच साठा असतो.

पण हे दोन वेगळ्या कामांचे मजूर आहेत. क्राउनमध्ये काय होतं बघा. पिनियन हा छोटा दातेरी गिअर मोठ्या क्राउन व्हीलच्या बरोबर मध्यावर बसलेला नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. त्यामुळे त्यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतातही. त्या बिंदूवर दाब इतका असतो की साधं तेल पिळून बाहेर फेकलं जातं आणि लोखंडाला लोखंड लागतं. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं भरपूर असतात. तिथे उष्णता झाली की ती लोखंडावर एक पातळ थर चढवतात. झिजतो तो हा थर, दात वाचतात. त्या तेलाचा जो सडका वास येतो ना, हातावरून दोन दिवस जात नाही, तो याच गंधकाचा.

गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेच्या रिंगा असतात, सिंक्रोनायझर. गिअर टाकताना दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग घासून एका वेगावर आणायचं काम त्यांचं. त्यांना थोडं घर्षण हवंच असतं. शिवाय तेल गरम झालं की हेच गंधक पितळेवर हळूहळू चढू शकतं. म्हणून पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४, आणि क्राउनला जीएल-५. जिप्सीच्या ट्रान्सफर केसला गिअरबॉक्सचंच तेल घालतात. आजकाल काही डब्यांवर "जीएल-४/जीएल-५ दोन्हीला चालेल" असंही लिहिलेलं असतं. काही तेलं खरंच तशी बनवलेली असतात. पण माझं मत विचाराल तर, पंचवीस वर्षांच्या गिअरबॉक्सवर प्रयोग कशाला? जीएल-४ शोधायला चार दुकानं फिरावी लागली तरी फिरा.

मागच्या क्राउनला लॉकिंग डिफरन्शियल असलेली गाडी असेल तर तिला कधीकधी वेगळ्या प्रकारचं तेल लागतं. तिथे मॅन्युअल सांगेल तेच.

किती लागतं? जिप्सीला साधारण गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर केस ०.८, पुढचा क्राउन २, मागचा १.५. म्हणजे जीएल-४ सव्वादोन लिटरच्या आत आणि जीएल-५ साडेतीन लिटर. एकेक लिटर जास्त आणा, सांडतंच.

गाडीखाली जाण्याआधी

जिप्सीची मोठी सोय म्हणजे ती मुळातच उंच आहे. जाड पुठ्ठा अंथरून पाठीवर सरकलात की चारही डबे हाताशी येतात. जॅक लावायची गरजच नाही. आणि गरज नसताना गाडी उचलू नका. दुसरी बाजूही लक्षात घ्या: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. विटांवर नाही, सिमेंटच्या ब्लॉकवर नाही. ब्लॉक आधी कुरकुरत नाही, एकदम फुटतो. उचलावीच लागली तर ॲक्सलखाली लोखंडी स्टँड हवेत.

फोर-व्हील-ड्राइव्हची एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपण गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती सरकणार नाही असं समजतो. पण ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. पहिला गिअर टाकलेली गाडी उतारावर खुशाल निघेल. म्हणून हँडब्रेक, शिवाय पुढे-मागे चाकांना दगड किंवा लाकडी पाचर, शिवाय जमीन सपाट. सपाट जमीन आणखी एका कारणासाठी लागते, ते पुढे येईल. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला थोडा उतार दिलेला असतो, तो आधी बघून घ्या. (आणि फरशीवर तेल सांडलं तर सेक्रेटरी काय म्हणतील तेही. खाली प्लास्टिक अंथरा.)

काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा. गरम तेल पातळ होतं, भरभर निघतं आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येतं. परत आल्यावर जरा वेळ थांबा. सायलेन्सरचा पाइप तिथूनच जातो.

आणि आता आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: खालचा प्लग उघडण्याआधी वरचा प्लग उघडून बघा.

प्रत्येक डब्याला दोन प्लग असतात. तळाशी तेल काढायचा, बाजूला थोडा वर तेल भरायचा. भरायचा प्लग वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्यामुळे गंजून बसलेला असतो. तुम्ही उत्साहाने खालचा उघडलात, सगळं तेल घमेल्यात आलं, आणि मग वरचा काही केल्या निघेना, तर? गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने उभी, चालवून गॅरेजला नेता येत नाही, टोइंग मागवायचं. वरचा आधी सैल झाला तरच खालच्याला हात लावायचा. नाही झाला तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, तारेच्या ब्रशने साफ करा, दुसऱ्या दिवशी बघा. तरीही नाही हलला तर गाडी जशी आहे तशी चालवत मिस्त्रीकडे न्या. तेल आत आहे, काही बिघडत नाही.

प्लगचं डोकं नीट बघा. कुठे षटकोनी डोकं असतं, कुठे आत खाच असते. त्या मापाचा सॉकेट किंवा रिंग पाना पूर्ण आत बसवा. स्क्रू फिरवून माप बदलायचा जो पाना असतो ना, तो इथे नको. डोकं गोल झालं की एका तासाचं काम एका आठवड्याचं होतं.

चार बाटल्या

आता असं का म्हणतो की हे काम एकदा तरी स्वतः करून बघा? पैसे वाचतात म्हणून नाही, मजुरी तशी फार नसते. गॅरेजमध्ये तुमच्या गाडीचं जुनं तेल एका मोठ्या पिंपात जातं आणि त्याच्यासोबत गाडीने दिलेली सगळी माहितीही पिंपात जाते. तुम्हाला दिसतं फक्त नवं तेल, आणि नवं तेल काहीच सांगत नाही.

म्हणून पाण्याच्या चार रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. बाहेरून मार्करने लिहा: गिअरबॉक्स, ट्रान्सफर, पुढचा, मागचा. एका वेळी एकच डबा रिकामा करा, घमेल्यातलं तेल नरसाळ्याने त्या-त्या बाटलीत ओता, घमेलं पुसा, मग पुढचा डबा. शेवटी चारही बाटल्या उन्हात एका ओळीत ठेवा.

आधी किती आलं ते बघा. मागच्या क्राउनमधून दीड लिटरच्या जागी लिटरभरच आलं, तर अर्धा लिटर कुठे गेलं? बहुधा ॲक्सलच्या टोकाचं सील गेलंय आणि तेल मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये झिरपतंय. ही तेलाची नाही, ब्रेकची गोष्ट झाली. लायनर तेलाने भिजले की घाटात उतरताना एक चाक धरतं, एक सुटतं. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओला काळा ओघळ दिसतोय का ते त्याच वेळी बघा. पुढच्या ॲक्सलमधून कमी आलं, तर दोन्ही टोकांना जे गोल उखळीसारखे भाग असतात, ज्यांच्यामुळे चाक वळतं, ते बघा. त्यांत मुळात ग्रीस असतं. आतलं सील गेलं की क्राउनचं तेल त्या ग्रीसमध्ये शिरतं आणि बाहेर पातळ काळपट लोंढा दिसतो. नुसतं नवं तेल भरून हे बरं होत नाही, सील बदलावंच लागतं.

मग रंग. काळं तेल म्हणजे जुनं तेल, घाबरण्यासारखं काही नाही. कॉफीत दूध घातल्यासारखा रंग आला तर आत पाणी आहे.

आणि हे पाणी जातं कसं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण "मी फार खोल पाण्यात घातलीच नव्हती" असं सगळेच म्हणतात. घाट चढून-उतरून ॲक्सल चांगला तापलेला असतो. आतली हवा प्रसरण पावलेली. या हवेला ये-जा करायला ॲक्सलच्या वर एक छोटी वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. आता तापलेला ॲक्सल तुम्ही ओढ्याच्या थंड पाण्यात घातलात. आतली हवा एकदम आक्रसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू बघते. ब्रीदर उघडा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत जाते, संपला विषय. तो चिखलाने बंद असेल, तर तीच ओढ सीलच्या फटीतून पाणी आत घेते. सीलची रचना तेल बाहेर जाऊ नये अशी असते, बाहेरचं पाणी आत येऊ नये अशी तितकीशी नसते. म्हणजे पाणी गुडघाभरच होतं, ॲक्सल बुडेल एवढंच, तरी ते आत गेलं. कोकणातल्या गावच्या कॉजवेवरून चार दिवस ये-जा केलेल्या गाडीत हे सहज होतं. ब्रीदर काढून साफ करा, फुंकर मारून हवा जाते का बघा. त्याला रबरी नळी लावून तिचं टोक वर इंजिनच्या खोलीत नेऊन बांधलं तर पुढच्या पावसाळ्याची चिंता मिटते. खर्च नळीचा तेवढा.

दुधाळ तेल निघालं तर एकदा बदलून भागत नाही. नवं भरा, शे-दीडशे किलोमीटर चालवा, परत काढा. पुन्हा दुधाळ असेल तर पुन्हा बदला. काही ठिकाणी आतून डिझेल किंवा रॉकेल फिरवून धुतात. मला ते पटत नाही. कोपऱ्यात उरलेलं डिझेल नव्या तेलाला पातळ करतं, आणि आपण इतका वेळ तेल जाड का हवं तेच बोलत होतो.

आता धातू. जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन बाटलीच्या तळाशी बाहेरून धरा. करडी, मेणासारखी बारीक लव गोळा होईल. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरही तीच लव असेल. ती गिअरची रोजची झीज, पुसून टाका. पण बोटांना टोचेल असा कण, दाताचा तुकडा, बेअरिंगची किरच सापडली, तर गाडी तिथेच थांबवा आणि तो तुकडा कागदात गुंडाळून मिस्त्रीकडे न्या. त्या तुकड्याच्या आकारावरून जाणत्या माणसाला बरंच कळतं.

गिअरबॉक्सच्या बाटलीत कधी सोनेरी चमक दिसते, जरीसारखी, आणि चुंबकाकडे ती अजिबात वळत नाही. ते पितळ. सिंक्रो झिजतायत. थोडी चमक असेल तर चालतं, पण सोबत दुसरा-तिसरा गिअर टाकताना खरखर होत असेल तर पुढच्या वर्षीच्या खर्चाची तयारी ठेवा.

एक विशेष प्रकार. काही गाड्यांत, जुन्या जीपमध्ये तर नेहमीच, ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने बसवलेली असते. तिथे एका बाटलीत कमी आणि दुसरीत तेवढंच जास्त तेल आलं, तर मधून तेल इकडचं तिकडे जातंय. जिप्सीत दोन डब्यांत अंतर असल्यामुळे ही भानगड नाही.

भरायचं कसं

खालचा प्लग साफ करून, वॉशर असेल तर नवा घालून बसवा. नुसत्या आट्यांचा प्लग असेल तर आट्यांना थोडं सीलंट लावा. घट्ट करा, पण पान्याला लांब पाइप लावून लोंबकळू नका. काही डब्यांचं बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, आटे उडाले की मोठं काम निघतं.

भरायचं भोक बाजूला आणि अडचणीत, बाटली उलटी करायला जागा नाही. बाजारात हातपंप मिळतो. नसेल तर गवंडी लेव्हल धरायला जी पारदर्शक नळी वापरतात ती दोन मीटर आणा. एक टोक भोकात, दुसरं नरसाळ्याला जोडून वर कुणाच्या तरी हातात. गाडीखाली तुम्ही, वर भाऊ किंवा बहीण, मध्ये "थांब, थांब, ओत" असा संवाद. गार तेल मधासारखं उतरतं, म्हणून डबा आधी तासभर उन्हात ठेवा.

भोकातून तेल बारीक धारेने परत बाहेर यायला लागलं की डबा भरला. खरं माप हेच. आकडे खरेदीसाठी असतात, पातळी भोक ठरवतं, आणि म्हणूनच गाडी सपाट जमिनीवर हवी. धार थांबू द्या, मग प्लग लावा. "जरा जास्त असलं तर बरं" हे इथे लागू नाही. जास्त तेल गरम होऊन फेसाळतं, सीलवर दाब देतं, आणि मग तेच, मागच्या ब्रेकमध्ये.

खाली आहातच तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना आणि सरकत्या जोडाला ग्रीस मारून घ्या. पाच मिनिटं लागतात.

मग एक फेरी मारून या. सगळे गिअर टाकून बघा. फोर-एच टाकून बघायचं असेल तर मातीच्या मैदानावर, डांबरावर नाही. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही, फोर-व्हीलमध्ये दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीवर चाक घसरून तो फरक काढून टाकतं, कोरड्या डांबरावर तो ताण सगळा आत ट्रान्सफर केसमध्ये आणि शाफ्टमध्ये साठतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालचा पुठ्ठा बघा. आठ प्लग, आठ जागा. थेंब दिसला तर तो कुठल्या प्लगचा ते लगेच कळतं.

किती दिवसांनी बदलायचं हा पुढचा प्रश्न. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा पाळाच, पण तो पाण्यात न गेलेल्या गाडीचा आहे असं समजा. ॲक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गेलात, तर त्या आठवड्यात वरचा प्लग उघडून करंगळीने थोडं तेल बाहेर काढून रंग बघा. दुधाळ असेल तर किलोमीटर मोजायची वाट बघू नका.

राहिल्या त्या चार बाटल्या. गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही, आणि गावाकडे वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात तेही नको, पहिल्या पावसात ते विहिरीच्या वाटेला लागतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ओळखीच्या मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा, त्यांच्याकडून अधिकृत पुनर्प्रक्रियावाले तेल उचलतात, तुमचे पाच लिटर ते त्याच पिंपात घेतील. फक्त देण्याआधी चारही बाटल्यांचा एक फोटो काढून ठेवा, तारीख आणि किलोमीटरसकट. पुढच्या वेळी त्याच ओळीत नव्या बाटल्या ठेवाल तेव्हा तुलनेला काहीतरी हवं.

पुढच्या भागात याच गाडीच्या ब्रेकचं तेल. ते मात्र वरून ओतायचं असतं, गाडीखाली झोपावं लागत नाही.